आपली टकळी तिकडं काय करून राहिली?

डॉ. कुमुदिनी गावंडे मॅडम यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि गौरवग्रंथाच्या समितीने मला ‘मॅडमची संशोधक वृत्ती’ या विषयावर लिहायला सांगितले आहे. विषय भारदस्त आहे. पण मॅडमच्या संशोधक वृत्तीचा मला पहिला अनुभव आला तो तोंड उघडे ठेवून, आणि उघड्या तोंडाने माणसाला भारदस्त राहता येत नाही. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अमरावतीच्या दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विभागात मी पदव्युत्तर शिक्षणासाठी रुजू झालो, तेव्हाची गोष्ट. मॅडम विभागप्रमुख होत्या. मी गुणपत्रिका, शिफारसपत्र वगैरे सगळे काखेत मारून त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी त्यातल्या एकाही कागदाला हात लावला नाही. समोरच्या रुग्णाच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बस. तोंड उघड.” नव्या विद्यार्थ्याने आधी रुग्ण व्हायचे, मग डॉक्टर, अशी त्यांच्या विभागाची रीतच होती. त्यांनी बारीक सळई हिरडीखालून अलगद फिरवली आणि रक्ताचा ठिपका उमटला.

“हे काहून येऊन राहिलं?”

मे महिना होता, अमरावती भाजून निघत होती, आणि मी जुन्या अकोल्यात वाढलेला माणूस. लहानपणापासून ऐकत आलो तेच तोंडून गेले. “मॅडम, उन्हाळा आहे ना. अंगातली गरमी.”

मॅडमनी सळई खाली ठेवली. “मागच्या डिसेंबरात येत नव्हतं?”

“येत होतं.”

“मंग डिसेंबरात कायची गरमी?”

दंतवैद्यकाची पदवी घेतलेल्या माणसाने हिरडीतल्या रक्ताचे कारण ‘गरमी’ सांगावे, यावर त्या रागावतील असे मला वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. उलट खुर्ची जवळ ओढून त्यांनी चौकशीच सुरू केली. आमच्या घरी गरमी आणखी कशाकशाला म्हणतात? तोंड आले की? नाकातून रक्त आले की? त्यावर आई काय देते? मी म्हणालो, धणे-जिऱ्याचे पाणी, सब्जा, गुलकंद. त्या मन लावून ऐकत होत्या. पाच वर्षे शिकलेले सगळे मी विसरलो होतो आणि आईचे घरगुती औषधशास्त्र सांगत होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

मॅडम मूळच्या बाळापूरकडच्या. घर कापसाच्या शेतीचे. व्याख्यानात त्यांचे मराठी छापील पुस्तकासारखे असे, पण रुग्ण समोर आला की त्या थेट वऱ्हाडीत उतरत, आणि आमच्यावर चिडल्या तरीही. त्यामुळे भाषेवरूनच आम्हाला हवामानाचा अंदाज यायचा.

त्यांच्या विभागात एक सूक्ष्मदर्शक होता आणि तो रुग्णांसाठी होता. हे वाक्य चुकून लिहिलेले नाही. रुग्णाच्या दातांवरचा मऊ थर काढायचा, काचेवर पसरायचा आणि रुग्णालाच वाकून बघायला लावायचे. आपल्या तोंडात एवढी वस्ती आहे हे पाहून माणसे हादरत. कोणी “अरे बाप्पा!” म्हणे, कोणी ही काच आधीच खराब असल्याचा आरोप करी. त्या गर्दीत लांबट, दोन्ही टोकांना निमुळते असे काही जंतू असतात. शास्त्रात त्यांचे नाव फ्युझोबॅक्टेरियम. मॅडम त्यांना टकळी म्हणत. शाळेत असताना त्यांना सूतकताईचा तास असे, आणि सूत गुंडाळलेली टकळी अशीच मध्ये फुगीर, टोकांना बारीक दिसते. एकदा एका शेतकरी आजोबांना त्यांनी ती दाखवली, तेव्हा आजोबा बायकोकडे वळून म्हणाले, “पाह्य, तोंडाची टकळी म्हणतो तं तुले राग येते.” मॅडम त्या दिवशी इतक्या हसल्या की पुढचा रुग्ण घाबरून परत निघाला होता.

ही टकळी आम्हाला जुनी ओळखीची. हिरड्या सुजल्या, दातांच्या मुळाशी घाण साचली की तिची वस्ती वाढते. त्यात नवल काही नव्हते. नवल घडले ते एका सकाळी. मॅडम हातात एका शोधनिबंधाची प्रत घेऊन विभागात आल्या आणि नेहमीची हजेरी घ्यायचे विसरल्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी तपासताना काही संशोधकांना तिथे हाच जंतू आढळला होता, शेजारच्या निरोगी भागापेक्षा जास्त. शेजारच्या घरातला माणूस परगावच्या भलत्याच आळीत दिसावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“सुधीर, हे पाह्य. आपली टकळी तिकडं काय करून राहिली?”

पुढे कित्येक महिने त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. पोटाचे डॉक्टर दिसले की त्यांना गाठत. रक्तातून जात असेल की गिळलेल्या लाळेतून? पोटातल्या आम्लातून ती जिवंत पोचते कशी? आणि पोचली तर गाठीशीच का थांबते? लोक प्रश्न विचारतात ते उत्तर मिळावे म्हणून. मॅडमना उत्तर मिळाले की थोडी हुरहुरच वाटते, असा माझा संशय आहे, कारण एक उत्तर मिळाले की त्या त्यातून तीन प्रश्न काढत आणि टवटवीत होत.

लग्नकार्यात तर त्यांची धास्तीच असे. पंगतीला बसल्या की शेजारच्या माणसाच्या पानाकडे त्यांचे लक्ष नसे, तो घास कोणत्या बाजूने चावतो आहे इकडे असे. माझ्या एका वर्गमित्राच्या लग्नात वराच्या मामांना त्यांनी मठ्ठा वाढायच्या आत “उजवीकडची दाढ हालते का?” असे विचारले होते. ती हालत होती. पुढे पुढे यजमान मंडळी शहाणी झाली आणि घरातली म्हातारी माणसे मुद्दाम त्यांच्या आजूबाजूला बसवू लागली. मॅडमनीही कधी नाही म्हटले नाही. मला वाटते, आहेर म्हणून त्या हेच देत असत.

आता मूल्यांविषयी लिहितो, कारण समितीचा तसा आग्रह आहे.

आरोग्य प्रदर्शनासाठी आम्ही विद्यार्थ्यांनी एक मोठा फलक रंगवला होता. लाल अक्षरांत मजकूर होता : ‘हिरड्यांतून रक्त? सावधान! कॅन्सर होऊ शकतो!’ खाली टकळीचे चित्र, तिला सुळे आणि शिंगे. आम्ही खूश होतो. मॅडम आल्या, फलकासमोर उभ्या राहिल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, “हे तुम्हाला कोणी सांगितले?” शुद्ध मराठी ऐकून आम्हाला वाटले, वाचलो.

“मॅडम, तुम्हीच तो निबंध दाखवलात.”

“मी काय दाखवलं? गाठीत सापडली एवढंच दाखवलं. कापसाच्या जिनिंगले आग लागते तवा अर्धं गाव पाहाले जमते. ते सारे आग लावाले आलेले असते का?” भाषा बदलली होती. आम्ही सावरून उभे राहिलो. “त्यात एखादा रॉकेल घेऊन आलेलाही असू शकते, हे बी खरं. उंदरावरच्या प्रयोगात ती गाठ वाढवाले मदत करते असं दिसून राहिलं. पण माणसात? आणि आपल्या इकडं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा माणूस घे. त्याच्या हिरड्या बी खराब अन् त्याले कॅन्सरचा धोका बी जास्त. मंग दोष टकळीवर टाकतं का खर्र्यावर? शोधून राहिले लोक. शोधू दे. तवरोक लोकाईले भेव दाखवू नको.”

आमच्यातला एक जण धीर करून म्हणाला, “पण मॅडम, भीतीने का होईना, लोक दात घासतील.”

“भेवानं माणूस दात घासत नाही रे. भेवानं माणूस लपवते.”

फलक पुन्हा रंगवला गेला. शिंगे मात्र मॅडमनी ठेवू दिली नाहीत याचे आम्हाला फार वाईट वाटले. पण त्या दिवशीचे त्यांचे शेवटचे वाक्य पुढे माझ्या घरात खरे ठरायचे होते.

त्या सुमारास मॅडमना एक वेगळीच गोष्ट लक्षात आली होती, आणि तिचे मूळ माझ्या पहिल्या दिवसाच्या उत्तरात होते असे त्या अजूनही चारचौघांत सांगतात. आमच्याकडे हिरडीतून रक्त आले तर गरमी, आणि शौचावाटे रक्त आले तरीही गरमीच. फार तर मूळव्याध. दोन्हींवर सब्जा. अकोल्याचा उन्हाळा असा की त्याच्यावर काहीही ढकलले तरी कोणाला शंका येत नाही. पहिली गरमी माणूस सांगतो, दुसरी सांगायला लाजतो. म्हणून मॅडमनी हिरड्या तपासताना एक प्रश्न जोडून टाकला. रुग्णाने गरमी म्हटले की त्या सहज विचारत, “अजून कुठं गरमी पडते?” आणि आम्हाला बजावत, “टकळी खरी निघो का खोटी, ह्या प्रश्नाले त्याचं काही घेणंदेणं नाही. रक्त कुठूनही आलं तरी ते कोणीतरी इचारलं पाह्यजे.”

शिक्षण संपल्यावर मी अकोल्याला परतलो आणि मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दवाखाना काढला. उद्घाटनाला मॅडम अमरावतीहून एस. टी.ने आल्या. फीत कापून झाली, नारळ फुटला, आणि मग नव्या खुर्चीचा मुहूर्त कोणी करायचा असा प्रश्न निघाला. मॅडम म्हणाल्या, “ह्याच्या मायबापाईचा मान. कांताबाई, बसा.” कांताबाई म्हणजे माझी आई. ती पदर सावरत, लाजत, पाहुण्यांकडे बघून हसत खुर्चीत बसली. फोटो काढून झाला की उतरायचे असे तिला वाटले होते. मॅडमनी दिवा खाली ओढला.

आईला तंबाखूचे मंजन लावायची सवय होती. मी सांगून थकलो होतो. घरच्या वैद्याला कोण विचारतो! मॅडमनी सळई फिरवली. रक्त आले.

“हे कवापासून?”

“नेहमीचंच हाय जी. गरमी पडते.”

“अजून कुठं गरमी पडते?”

आईचे हसू थांबले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. मॅडमनी मागे न वळता आम्हा सगळ्यांना बाहेर काढले. पाहुणे, माझे वडील, खुद्द दवाखान्याचा मालक, सगळे रस्त्यावर उभे राहून पेढे खात होतो. बऱ्याच वेळाने दार उघडले. मॅडम मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाल्या, “दुर्बिणीची तपासणी करून घे. उद्याच.” आईला दिवाळीच्या आधीपासून शौचावाटे रक्त जात होते आणि तिने ते घरात कोणालाही सांगितले नव्हते.

मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर होता, पण पसरलेला नव्हता. शस्त्रक्रिया केली तर चांगली आशा आहे असे सर्जन म्हणाले. आम्ही धीर धरला. आईही धीराची होती. आणि मग दोन दिवसांनी ती एकाएकी शस्त्रक्रियेला नाही म्हणू लागली. कारण विचारले तर भिंतीकडे तोंड करून पडायची. वडिलांशी बोलेना, माझ्याशी तर नाहीच. मी आजवर कोणाला एवढा घाबरलो नाही, जितका त्या पाठमोऱ्या आईला घाबरलो.

कारण माझ्या मावशीकडून कळले. आमच्या एका चुलतभावाने मोबाईलवर आलेला मजकूर आईला काळजीपोटी मोठ्याने वाचून दाखवला होता. हिरड्यांतले जंतू पोटात जाऊन कॅन्सर करतात, दात न सांभाळणाऱ्यांनो, जागे व्हा, असे काहीतरी. आईने मंजनाची डबी आठवली आणि स्वतःचा निकाल लावून टाकला. “माह्याच तोंडानं मले खाल्लं. करावं तसं भरावं,” असे ती मावशीला म्हणाली होती. स्वतःच ओढवून घेतलेल्या दुखण्यासाठी पोराला आणि नवऱ्याला कशाला धावपळ करायला लावू, हे तिचे गणित. आमच्या फलकाची शिंगे फिरून आमच्याच घरात आली होती.

मी मॅडमना फोन केला. त्या दुपारच्या गाडीने आल्या. चहाला नाही म्हणाल्या, आईच्या खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. मला वाटले होते, त्या आईला सांगतील की तो मजकूर खोटा आहे, जंतूंचा आणि कॅन्सरचा काही संबंध नाही. तेवढे एक वाक्य पुरे होते. मी मनातल्या मनात त्यांना ते वाक्य सुचवतही होतो.

आईच आधी बोलली. “मॅडम, एक इचारू? खरं सांगसान?”

“इचारा.”

“माह्या तोंडानंच हे केलं का?”

मॅडम म्हणाल्या, “मले माहीत नाही, कांताबाई.”

आई उठून बसली. “तुमाले माहीत नाई?”

“नाही. मलेच नाही, अजून कोणालेच पक्कं माहीत नाही. तोंडातला एक जंतू तिकडं गाठीत सापडते, हे खरं हाय. त्यानं गाठ केली, का वाढवली, का गाठ झाल्यावर तो तिथं राहाले गेला, हे मोठमोठे लोक अजून शोधून राहिले. मी बी वाचून राहिली. तुमच्या एकटीच्या पोटात काय झालं, हे तं कोणीच सांगू शकत नाही. मंजन सोडा, हे मी सांगीन. त्यानं तोंडाचं वाटोळं होते, हे पक्कं हाय. पण तुमीच तुमाले हा रोग लावला असं जो म्हणते, त्याले माह्याकडं पाठवा. मले त्याच्याकडून शिकाचं हाय.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. “तुमच्यासारखीले पत्ता नाई,” ती हळूहळू म्हणाली, “तं मी कायले आपल्या अंगावर घेऊन राहिली?”

“मी बी तेच इचारून राहिली.”

आणि आई हसली. त्या दिवसांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात गेलो आणि चहाचे आधण ठेवायच्या निमित्ताने पोटभर रडलो. मी सुचवत होतो ते वाक्य मॅडम बोलल्या असत्या, तर आईने त्यावर विश्वास ठेवला नसता असे मला आज वाटते. समजूत घालणाऱ्यांचे तिने त्या आठवड्यात पुष्कळ ऐकले होते. ‘माहीत नाही’ म्हणणारे पहिले माणूस तिला भेटले होते, म्हणून तिने बाकीचेही खरे मानले.

शस्त्रक्रिया झाली, पुढची औषधे झाली. आईचे केस गळले, परत आले. अंगात जरा ताकद आल्यावर सर्जनना विचारून मॅडमनी त्याच खुर्चीत बसवून तिच्या हिरड्यांचे उपचार स्वतःच्या हाताने केले. मला फक्त दिवा धरायला ठेवले. आईने विचारले, “हे केल्यानं ते पोटातलं परत येनार नाई ना?” मॅडम म्हणाल्या, “हे बी मले माहीत नाही. पण ज्वारीची भाकर चावाले दात लागते, हे माहीत हाय. तेवढ्यासाठी करून घ्या.” आईला ते पटले. मंजनाची डबी तिने स्वतः नेऊन टाकली. वर्षे झाली त्याला, आणि आजही तिच्या तपासण्या चांगल्या येतात.

निवृत्तीनंतरही मॅडमचे वाचन थांबलेले नाही. टकळीच्या एका विशिष्ट जातीचा गाठींशी अधिक संबंध दिसतो, अशा नव्या बातम्या आल्या की त्यांचा मला फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. थेट “ऐकलं का?” आणि शेवटी नेमाने, “पण अजून पक्कं नाही बरं.” फोन ठेवायच्या आधी त्या आईला द्यायला सांगतात. दोघी मग टकळीविषयी असे बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावे, गल्लीतल्या एखाद्या संशयित सुनेची चौकशी चालली आहे.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा आई शेजारी तूर निवडत होती. “काय लिहून राहिला?” म्हणाली. मी सांगितले, मॅडमच्या पंचाहत्तरीचा लेख आहे, आता शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे आहे.

“सुकं सुकं नको चिंतू,” आई म्हणाली. “असं लिही, का मॅडम, त्या दिवशी तुमी म्हणाल्या माहीत नाई. कांताबाई अजून वाट पाहून राहिली म्हणा. माहीत झाल्याबिगर कुठं जाचं नाई. अन् झालं का पह्यले अकोल्याले येऊन मले सांगाचं, मंग दुनियेले.”

मी जसेच्या तसे लिहिले आहे. मॅडम, याचे उत्तर पक्के व्हायला अजून पुष्कळ वर्षे लागतील, असे तुम्हीच सांगता. तेवढी सगळी वर्षे, चांगल्या प्रकृतीची आणि शाबूत दातांची, तुम्हाला आणि माझ्या आईला, दोघींनाही मिळोत.